रोबोट आला, पण दुखणं कुठं गेलं?

मोबाईल घेताना आपण काय काय बघतो? कॅमेरा, बॅटरी, रॅम... दोन मॉडेल्सची तुलना करणारे चार व्हिडिओ पाहिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. हाच फंडा आता थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचलाय. घरात कुणाचं किडनीचं किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं की पहिला प्रश्न, 'लॅप्रोस्कोपी की रोबोटिक?' आणि त्याला चिकटूनच दुसरा, 'रोबोटिकमध्ये कमी दुखतं ना हो?'

पहिला प्रश्न एकदम योग्य. दुसऱ्यात मात्र लोच्या आहे. आणि हा लोच्या साधासुधा नाही, लाखाच्या घरातला आहे!

कसा, ते सांगते. आम्ही मूळचे सोलापूरचे. मी नोकरीला पुण्यात, धाकटा भाऊ बंगळूरला आणि आई-अप्पा सोलापुरात. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरची हीच स्टोरी असणार. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. त्यात अप्पांची हयात गेली चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात. घाम भरपूर, पाणी पिणं बेताचं. त्यामुळे मुतखडा आमच्या गल्लीत पाहुण्यासारखा येऊन-जाऊन असतो. अप्पांचा एक खडा मात्र मूत्रवाहिनीत अडकला आणि गुपचूप बसून राहिला. फारसा दुखलाही नाही. कळलं तेव्हा डावी किडनी नावापुरतीच उरली होती. ती काढायची ठरली.

सोलापुरातल्या युरॉलॉजिस्टनी सांगितलं, 'लॅप्रोस्कोपीनं काढू.' इकडे बंगळूरहून धाकट्याचं फर्मान आलं, 'पुण्यात रोबोटवर करू. पैशाचं मी बघतो. अप्पांना त्रास नको.' दोन्हीकडची अंदाजपत्रकं मागवली. फरक लाखाहून जास्त. हा फरक भरायला तो लोन काढायच्या तयारीत, आणि कारण एकच, दुखणं. आता मुलगा बापाच्या दुखण्यासाठी लोन काढतोय म्हटल्यावर 'नको' तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं? म्हणून ठरवलं, आधी नीट माहिती काढू. या लाखभर रुपयांत दुखणं नक्की किती कमी होतं?

सुरुवात यंत्रापासून. रोबोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तमिळ सिनेमातला 'चिट्टी' येतो. प्रत्यक्षात हा रोबोट स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन बाजूला एका कन्सोलवर बसतात, त्यांच्या बोटांच्या हालचाली यंत्राचे हात पोटाच्या आत करतात. या हातांची टोकं आपल्या मनगटासारखी वळतात आणि आतलं चित्र थ्रीडी दिसतं. लॅप्रोस्कोपीत सर्जन पेशंटजवळ उभे राहून सरळ, लांब दांड्यांची हत्यारं हातानं चालवतात. पण दोन्हीकडे पोटाला पडतात ती छोटी छोटी भोकंच. रोबोटची साधारण ८ मिलिमीटरची, लॅप्रोस्कोपीची ५ ते १२ मिलिमीटरची. दोन्हीकडे पोट कार्बन डायऑक्साइड वायूनं फुगवावं लागतं. आणि दोन्हीकडे किडनी अख्खी बाहेर काढायची तर शेवटी एक थोडी मोठी चीर द्यावीच लागते. किडनी काय आठ मिलिमीटरच्या भोकातून बाहेर येणार आहे थोडीच!

आता खरी गंमत इथे आहे. 'रोबोटमुळे वेदना कमी, हॉस्पिटलमधला मुक्काम कमी' ही वाक्यं आपण ऐकतो तेव्हा विचारायचं, कमी म्हणजे कोणापेक्षा? बहुतेक वेळा ही तुलना असते जुन्या, मोठा छेद देऊन करायच्या ओपन ऑपरेशनशी. तिथे फरक पडतोच. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा एक अभ्यास छापून आला. प्रोस्टेट कॅन्सरच्या ३२६ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली, एक गट रोबोटचा आणि एक ओपनचा. पहिल्या आठवड्यात रोबोटच्या गटाला कमी दुखलं. सहा आठवड्यांनी? दोघांत फरकच उरला नाही. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात प्रोस्टेटच्या ओपन आणि भोकांच्या ऑपरेशनांची तुलना आहे. पहिल्या दिवशीच्या दुखण्यात दहापैकी जेमतेम एका गुणाचा फरक, आणि तोसुद्धा पेशंटला जाणवेल इतका आहे का, याबद्दल शंका!

पण आपल्यासमोरचा चॉइस ओपन विरुद्ध रोबोट नव्हताच. तो होता लॅप्रोस्कोपी विरुद्ध रोबोट, म्हणजे भोकं विरुद्ध भोकं. मोठ्या छेदाचं दुखणं तर लॅप्रोस्कोपीनं कधीच कमी करून ठेवलंय. आपल्या मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं ते १९९० मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. राल्फ क्लेमन यांनी पहिल्यांदा लॅप्रोस्कोपीनं किडनी काढली. 'दा विंची' रोबोटला अमेरिकेत परवानगी मिळाली ती त्यानंतर दहा वर्षांनी, २००० साली. आता तर 'एसएसआय मंत्रा' नावाचा भारतीय बनावटीचा रोबोटही आलाय. मधल्या काळात लॅप्रोस्कोपीला हात पक्का करायला भरपूर वर्षं मिळाली.

मग या दोघांत पेनकिलर कुणाला जास्त लागतात? यावर अभ्यास झालेत, आणि ते एका सुरात बोलत नाहीत. कुठे रोबोटवाल्यांना थोडी कमी औषधं लागली, कुठे दोघांना सारखीच. रोबोटच्या बाजूनं एक मुद्दा मांडला जातो. त्याचे हात भोकाच्या जागी एकाच बिंदूभोवती फिरतात, त्यामुळे पोटाच्या भिंतीला हिसके कमी बसतात. मुद्दा पटण्यासारखा आहे. पण दुसऱ्या पारड्यात बघा. भोकं काही कमी पडत नाहीत, कधी एखादं जास्तच, आणि वेळही जास्त लागू शकतो. २०१७ साली 'जामा'मध्ये अमेरिकेतल्या ४१६ हॉस्पिटलांमधली २३,७५३ ऑपरेशनं तपासलेला अभ्यास आला. ऑपरेशन एकच, कॅन्सरसाठी अख्खी किडनी काढणं. रोबोटचा वाटा २००३ मधल्या दीड टक्क्यावरून २०१५ मध्ये २७ टक्क्यांवर गेला होता. मोठ्या कॉम्प्लिकेशन्समध्ये फरक नाही. चार तासांहून जास्त चाललेली ऑपरेशनं रोबोटकडे ४६ टक्के, लॅप्रोस्कोपीकडे २६ टक्के. सरासरी खर्च १९,५३० डॉलर विरुद्ध १६,८५१ डॉलर. बिल कुणाचं जास्त, ते तुम्हीच बघा!

थांबा, लगेच रोबोटला मोडीत काढू नका. आत खोलवर, अडचणीच्या जागी बारीक टाके घालायचे असतात तेव्हा हा पठ्ठ्या भाव खाऊन जातो. किडनीतली गाठ तेवढीच काढून उरलेली किडनी शिवायची, मूत्रमार्गाचा अरुंद भाग कापून पुन्हा जोडायचा, किंवा प्रोस्टेट काढून मूत्राशय आणि मूत्रनलिका एकत्र शिवायची. अशा कामात वळणारं मनगट म्हणजे वरदान. जर्मनीतल्या चार हॉस्पिटलांमध्ये प्रोस्टेटसाठी रोबोट आणि लॅप्रोस्कोपीची समोरासमोर तुलना झाली. २०२१ मध्ये आलेल्या निकालात तीन महिन्यांनी लघवीवर ताबा आलेले पेशंट होते रोबोटकडे ५४ टक्के, लॅप्रोस्कोपीकडे ४६ टक्के. हा फरक आयुष्यातला आहे, त्यासाठी जास्त पैसे मोजणं समजू शकतं. पण अप्पांची निकामी किडनी फक्त काढायची होती, शिवायचं असं काही नव्हतं.

शेवटी अप्पांनीच निकाल लावला. 'ज्या डॉक्टरानं शंभरदा केलंय त्याच्याकडं करू. आन् घरचा डबा येतोय की इथं.' ऑपरेशन सोलापुरात, लॅप्रोस्कोपीनं झालं. भाऊ विमानानं आला, मी हुतात्मा एक्स्प्रेसनं.

आता पुढची गोष्ट. ऑपरेशननंतर दुखतं काय काय? आपल्याला वाटतं, टाके. पण यादी मोठी आहे. पोटात भरलेल्या वायूनं श्वासपटल चाळवलं जातं आणि त्याची कळ खांद्यात उठते. आईनं पहिल्या रात्री घाबरून विचारलं, 'ऑपरेशन पोटाचं, मग खांदा कसा दुखायलाय?' सिस्टरनी शांतपणे समजावलं की दोन-तीन दिवसांत जाईल, पण छातीत दुखलं किंवा धाप लागली तर लगेच हाक मारा. मग लघवीच्या नळीची सारखी आग आणि घाई झाल्याची भावना. काही ऑपरेशनांनंतर आत स्टेंट ठेवतात, त्याची बरगडीखाली ओढ. किडनी बाहेर काढलेल्या चिरेचा ठणका. पोट फुगल्याचा त्रास. आता सांगा, यातलं कुठलं दुखणं यंत्र बदलल्यानं गायब होणार? वायू तोच, नळी तीच, चीर तीच.

आणि एक प्रॉब्लेम तर खास आपला, घरगुती. सिस्टर दर काही तासांनी येऊन विचारायच्या, 'काका, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?' अप्पांचं उत्तर ठरलेलं, 'शून्य!' आणि इकडे खोकला आला तरी दाबून धरायचे, कूस बदलायला तयार नाहीत. आपल्या वडील मंडळींचं असंच असतं. सोसणं म्हणजे मर्दुमकी, आणि गोळी मागणं म्हणजे कमकुवतपणा! पण खोकला दाबला की कफ छातीत साठतो, उथळ श्वासामुळे फुप्फुसाचा तळ बसतो, न्यूमोनियाला आमंत्रण जातं. अंथरुणाला खिळून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणजे पेनकिलर फक्त आरामासाठी नसते, पेशंटला खोकता आणि चालता यावं म्हणून असते. हे कळल्यावर आम्ही आकडा विचारणं सोडलं. विचारलं, 'खोकता येतंय का? बाथरूमपर्यंत जाऊन येता येतंय का?' तेव्हा कुठे अप्पा बोलले. आणि बोलले ते आकड्यात नाहीच. 'टाक्यापाशी ठणकायलंय, खांद्यात चमक येतीय, नळीला आग व्हायलीय.' एका दमात तीन वेगळी दुखणी! आपल्या मराठीत दुखण्याला आकडे कमी असतील, पण शब्द भरपूर आहेत. कळ, चमक, ठणका, ठसठस, सल, आग, ओढ. हे शब्द डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा. नळीची आग आणि टाक्यांचा ठणका यांची औषधं वेगळी असतात.

चांगल्या प्लॅनचा फंडा अगदी सोपा आहे. दुखायला लागल्यावर गोळी शोधायची नाही, घड्याळ लावून द्यायची. पाया पॅरासिटामॉलचा, ठरलेल्या वेळी. ऑपरेशनच्या वेळीच भोकांच्या कडेला किंवा पोटाच्या भिंतीतल्या नसांभोवती भूल देणारं इंजेक्शन. आणि त्याउपर लागलंच तर जोरदार औषध, थोडं आणि थोडेच दिवस. दुसऱ्या दिवसापासून चालणं. हे सगळं लॅप्रोस्कोपीलाही लागतं आणि रोबोटलाही. दोन पेशंटच्या दुखण्यात फरक पडतो तो बऱ्याचदा या प्लॅनमुळे.

हे जोरदार औषध म्हणजे मॉर्फिनच्या घराण्यातलं. या विषयावरचे पाश्चात्त्य अभ्यास दुखणं मोजतात ते मॉर्फिनच्या मिलिग्रॅममध्ये, कारण तिकडे पेशंटच्या हाती घरी जाताना गोळ्यांची बाटली द्यायची आणि त्यातून व्यसन लागायचं, हा मोठाच घोळ होऊन बसला. आपल्याकडचं चित्र उलटं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन इतकं अवघड करून ठेवलं, की गरजूंनाही मिळेना. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट जरा मोकळी झाली. ट्रामाडॉल २०१८ पासून याच कायद्याखाली आहे, त्यामुळे ते चिठ्ठीशिवाय मागू नका. आणि डॉक्टरांनी दिलंच तर बद्धकोष्ठाचं औषधही विचारून घ्या. टाक्यांवर जोर देऊन कुंथण्याइतकं वाईट काही नाही.

आपला खरा धोका मात्र कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आहे. 'जरा अंग दुखतंय, काहीतरी द्या,' म्हटलं की मिळणारी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. धडधाकट माणसाला चार दिवस चालून जातं. पण या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करू शकतात, आणि ज्याला एकच किडनी उरलीय त्यानं त्या मनानं घेणं म्हणजे आगीशी खेळ. आपली गिधाडं आठवतात? डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि ती पटापट मेली. शेवटी २००६ मध्ये सरकारनं या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी घातली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नसते हे खरं, पण एकुलती एक असेल तर जपायला नको? अप्पांना गुडघेदुखीचा जुना त्रास. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांकडून चालतील त्या आणि चालणार नाहीत त्या गोळ्यांची नावं लिहून घेतली आणि फ्रिजवर चिकटवली. शेजारच्या काकू 'ही घ्या, एकदम गुणकारी' म्हणत पाकीट घेऊन आल्या, तेव्हा आईनं काही न बोलता फ्रिजकडे बोट दाखवलं!

अप्पा चौथ्या दिवशी घरी आले. भाकरी, शेंगाचटणी मागायला लागले तेव्हा आम्ही समजलो, गाडी रुळावर आली. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. तरुणपणी अप्पांनी नंदीध्वज पेललेला. 'नुसता हात लावतो,' म्हणाले. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायला बंदी केली होती, त्यामुळे यंदा नुसतं दर्शन. कुरकुरले, पण मिरवणुकीच्या वाटेवर बराच वेळ उभे राहिले. धाकट्यानं न काढलेल्या लोनचा विषय नंतर निघालाच नाही.

आता तुमच्या कामाचं. आई-बाबांचं असं काही ठरलं तर यंत्राचं नाव ऐकून दबून जाऊ नका. वही काढा आणि विचारा. या ऑपरेशनमध्ये आत टाके घालायचं काम किती आहे? तुम्ही स्वतः हे ऑपरेशन या पद्धतीनं किती केलंत? 'कमी दुखतं' म्हणजे ओपनपेक्षा की लॅप्रोस्कोपीपेक्षा? पहिल्या तीन दिवसांचा वेदनांचा प्लॅन काय? आणि घरी गेल्यावर कुठली गोळी चालेल, कुठली अजिबात नाही? चांगले डॉक्टर या प्रश्नांना रागावत नाहीत. पॉलिसीही आजच उघडून बघा. विमा नियामकाच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२० पासून रोबोटिक सर्जरीला विमा कंपन्या सरसकट 'नाही' म्हणू शकत नाहीत, पण तिच्यावर वेगळी मर्यादा लावू शकतात. पाच लाखांची पॉलिसी असूनही रोबोटसाठी त्यातले थोडेच मिळायचे, हे बिलाच्या काउंटरवर कळण्यापेक्षा आज रात्री घरबसल्या कळलेलं बरं!

सर्जननी रोबोट सुचवला आणि कारण पटलं, तर जरूर जा. हाताशी चांगला लॅप्रोस्कोपीवाला असेल तर त्याच्याकडे जाताना 'आपण बाबांसाठी कमी करतोय' असा गिल्ट घेऊ नका. आणि निर्णय काहीही होवो, ऑपरेशननंतरचे तीन दिवस रजा टाका. लॅपटॉप घरी ठेवा. 'काही दुखत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाला जरा खोकून दाखवायला सांगा.